लाल पट्ट्यांमधलं गाव

३ फेब्रुवारी
धरणावरची टेकडी माझ्या वाट्याला आली! सगळा साग, माझ्याच वयाचा. लाल पट्टा म्हणजे तोडायचं, पांढरा म्हणजे ठेवायचं. वनखात्याचे साहेब म्हणाले, बारा दिवस लागतील. म्हटलं, आठ पुरे. अकरा वर्षांत माझा एक पट्टा चुकलेला नाही – उगाच नाही बोलावत मला.

५ फेब्रुवारी
डोकंच फिरलं आज. वरच्या रांगा दोरी लावल्यासारख्या, आणि पाण्याकडच्या उतारावर सगळा आनंदीआनंद! मध्येच वळतात काय, मध्येच जागा सोडतात काय. मशीन शिरणार कुठून? कुठल्या दिवट्यानं डोळे मिटून लावली, देव जाणे. सरसकट लाल मारला. हात लाल, कपाळही लाल.

६ फेब्रुवारी
पाठ धरली. पण अर्धी टेकडी उरकली!

७ फेब्रुवारी
जेवताना आईला त्या दिवट्याचा किस्सा रंगवून सांगितला. तिनं घास खाली ठेवला. "तुझे बाबा होते ते."

गाव धरणात गेलं त्या वर्षी गावकऱ्यांनाच रोपं लावायच्या कामावर घेतलं होतं. बाबांनी आणि आणखी चौघांनी उतारावर रोपांच्या ओळींनी गावच लावलं – गल्ल्या, विहीर, घरं, सगळं जिथल्या तिथं. मुकादमाला सांगितलं, मध्ये खडक लागतोय. आईला वाटायचं, बाबा थापा मारतात. ते होते तोवर ती कधी बघायला चढली नाही.

सोमवारी तोड सुरू.

८ फेब्रुवारी
आईला घेऊन चढले. झाडांमधून अशी निघाली, जशी भाजी आणायला चाललीय. "ही विहीर. हे मावशीचं दार." मग एका फटीपाशी – "डोकं सांभाळ, आपली चौकट बुटकी आहे." मी वाकलेसुद्धा! बाजूच्या झाडावर माझाच लाल पट्टा. लाज वाटली. फार.

९ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं, चुकलं माझं. पाण्यापासून शंभर पावलांतली झाडं तोडायची नसतात, माती धरणात उतरते. मी तिथंही लाल मारलाय.
"तू? आणि चूक?" साहेब खुर्चीतून उठलेच.
पावलं कुणी मोजली? मीच. चांगली लांब लांब टाकली!

१० फेब्रुवारी
लालावर पांढरा. एकेका झाडाला दोन हात. आई डबा धरून मागे मागे.

११ फेब्रुवारी
संपलं. शेवटी आमच्या घराच्या मागे चार झाडांची आणखी एक खोली निघाली. "ही कुठली गं?" आई म्हणाली, आपल्याकडे नव्हतीच ही. मग तिनं खोडावर हात ठेवला.
"तेव्हा तू पोटात होतीस."