नखातली माती

गिरगाव, मार्गशीर्ष वद्य ४, शके १८१६

कचेरीतल्या पेद्रूची आई गेली, म्हणून आज शिवडीला दफनाला गेलो. सगळ्यांसारखी मीही मूठभर माती टाकली. पेद्रू म्हणाला, "इथं नाव घालून क्रूस उभा करीन. दर वर्षी मेणबत्ती लावायला येता येईल."

घरी आंघोळ केली, तरी नखातली माती निघेना. ती पाहून हिनं विचारलं, "आपल्या तान्ह्याला कुठं पुरलंत हो?" पाच वर्षांत पहिल्यांदाच. आपल्यात खूण ठेवत नाहीत, बायका स्मशानात जात नाहीत. पण मला तरी कुठं आठवतंय? बाप ना मी!

घाईघाईनं म्हणालो, "सोनापुरात, चिंचेखाली."

आता म्हणते, उद्या लांबूनच ती चिंच दाखवा. मी हो म्हणून बसलो. नख अजून काळंच आहे. आणि तिथं चिंचच नाही.