सात फूट, एक इंच

मंगळवार, २ सप्टेंबर

शेल्बीचा फोन. ऑक्टोबरात क्लबची मासे धरायची जोड्यांची स्पर्धा आहे, माझ्याबरोबर चला म्हणाली. नदीन जाऊन चार महिने झाले. बावीस वर्षं त्या स्पर्धेत आम्ही दोघं नवरा-बायको उतरायचो. लेकीला हो म्हणालो. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं.

तिची बोट पत्र्याची, चिंचोळी. "डॅडी, रॉड एकच आणायचा. तुमचा अकरांचा भारा नको."

गुरुवार, ४

अकराही रॉड पोर्चमध्ये मांडले. स्पर्धेच्या तळ्यावर पाणगवताची जाड गादी झालीय. तिच्यावरून आमिषाचा रबरी बेडूक नाचवायचा तर टोक लवचीक हवं. जड शिसं लावून गळ त्या गादीतून खाली पाडायचा तर रॉड ताठ हवा. दोन्ही करील असा माझ्याकडे एकही नाही! एक ना धड, भाराभर चिंध्या — नदीन हेच म्हणायची. तिचा एकच रॉड होता. सगळं त्याच्यावरच, आणि मासे माझ्याहून जास्त.

तो मी जूनमध्ये चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला देऊन टाकला. तिच्या कपड्यांबरोबर, एकाच खेपेत. शेल्बी तेव्हा अंगणात उभी राहून म्हणाली, "तुम्ही एकदा तरी रडलात का, डॅडी?" खरं तेच सांगितलं — नाही. त्यानंतर ती इकडे फिरकली नाही. आता तिनेच हात पुढे केलाय. तो धरला नाही तर लेकही जाईल. हे मला कळतं. कळतं, इतकंच.

शुक्रवार, ५

कॉर्नब्रेड आणि बीन्स. चव नाही.

शनिवार, १३

रॉइसच्या गळ-रॉडच्या दुकानात गेलो. उकडलेल्या शेंगा आणि न मागितलेले सल्ले, दोन्ही फुकट. त्याने सात फूट सहा इंची काढून दिला. तुझ्यासारख्या सहा फुटी माणसाला हाच, म्हणाला. गवतातून चार पौंडांचा बास मासा उपटायचा तर लांबीच कामाला येते. बरोबरच होतं त्याचं. हलवून पाहिला. टोक पाण्याला लागेल, म्हणालो.

"तुझं? गुडघ्यावर बसून बेडूक नाचवणार आहेस का रे?"

चार रॉड परत केले. शेवटी सात फूट एक इंची घेतला. कणा ताठ, फक्त शेवटची वीत मऊ. दोन्ही कामं करील. मागचा दांडा दोन इंच कापून दे म्हटलं, नाहीतर फासळ्यांत अडकतो. रॉइसने करवत घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि कापला. हा माणूस गप्प बसलेला मी आजवर पाहिला नव्हता.

बुधवार, २४

अंगणात सराव. मनगट दुखतं. दांडा कोपराखाली टेकतच नाही. वय झालं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

शेल्बीबरोबर सरावाला तळ्यावर. दोघांनी पिमेंटो चीजची सँडविचं खाल्ली.

दहाच्या सुमारास गवत फुटलं, माशाने बेडूक ओढला आणि मी लगेच हिसका दिला. ओढ हाताला लागेपर्यंत थांबायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं! बेडूक रिकामा परत आला. मी मनगट चोळत बसलो.

शेल्बीने रॉड माझ्या हातातून घेतला आणि एकदा गळ टाकून पाहिला. दांडा तिच्या कोपराखाली नेमका बसला. तिची उंची नदीनचीच, पाच फूट दोन. तिने रॉड खाली घेतला. कापलेल्या बुडावरून बोट फिरवत राहिली.

"हा कुणासाठी घेतलात, डॅडी?"

माझ्यासाठी, म्हणायला तोंड उघडलं.

रविवार, ५

काल बोटीत रडलो. तास-दीड तास. शेल्बीने मोटर बंद करून बोट गवतात तशीच राहू दिली.

तो रॉड तिच्याकडेच राहिला. स्पर्धेला मी कुठला आणू विचारलं, तर म्हणाली, अकराही आणा.