शेंगदाणे नाहीत ना?

बुध. ४ फेब्रु.
रोहितचा फोन. रविवारी अदिती आई-बाबांना घेऊन पुण्याहून जेवायला येतेय. ह्या दोघांचं आपसात ठरलंय, तिच्या घरच्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणजे जेवण कसलं, माझी परीक्षाच. बेत: भरली वांगी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, काकडीची कोशिंबीर, शेंगापोळी. ह्यात माझा हात कोण धरतंय!

शुक्र. ६
रोहित परत. तिच्या बाबांना शुगर, गोड नको. आईला वांग्यानं खाज सुटते. "अजून काही?" "नाही, एवढंच." वांगी आणून बसलेय, आता ह्यांना रोज वांगीच. दोडका भरीन. शेंगापोळी बाकीच्यांना करणारच. कूट डबा भरून करून ठेवलं.

शनि. ७
रोहित आला. पाणी प्यायला, मग म्हणे, "आई, एक सांगायचं राहिलं. अदितीला शेंगदाणा चालत नाही."
मला वाटलं, डाएट. म्हटलं, एक दिवस खाल्ला तर काय होतंय?
"ओठ सुजतात. श्वास अडकतो. कॉलेजात असताना ॲडमिट करावं लागलं होतं."
बसलेच खाली. बुधवारी काय तोंड शिवलं होतं का ह्याचं! चटणी गेली, पोळी गेली, कूट गेलं. तेलसुद्धा घाण्यावरचं, शेंगाचंच. ह्यांना सूर्यफुलाचं आणायला पिटाळलं. जाताना म्हणतात, "शेंगा न्हाईत, मग सोलापुरात यायचं कशाला म्हंतो मी." कुटाचा डबा वरच्या फळीवर टाकला. मिक्सर धुतला, परत धुतला. त्या पोरीचाच राग आला. तिची काय चूक? पण आला.

रवि. ८
सगळं छान चाललं होतं. तीळ-खोबऱ्याचा दोडका आवडला. कोशिंबीर संपली म्हणून आत जाऊन आणखी केली, अदितीला वाढली. तिनं चमचा उचलून विचारलं, "काकू, यात शेंगदाणे नाहीत ना?"
"नाही गं, निर्धास्त खा."
म्हणाले आणि ओट्यावरचा उघडा डबा डोळ्यापुढं आला. वरच्या फळीवरून कधी काढला, आठवत नाही. हात आपला आपण गेला.
"थांब!" ओरडले, ताट ओढलं. चमचा खाली पडला. तोंडात गेला नव्हता. नव्हता गेला.
तिची आई पांढरीफटक. नंतर कुणी धड जेवलं नाही. निघताना "कळवतो" म्हणाले.

मंगळ. १०
कळवलं नाही. पुण्याला गेल्यापासून रोहित फोनवर हं-हं एवढंच करतो. कूट शेजारी देऊन टाकलं. रिकाम्या फळीकडं बघवत नाही. हात गेला ते एक वेळ ठीक, पण मी "नाही" म्हणाले. न बघता, किती ठसक्यात! ते डोक्यातून जात नाही.

गुरु. १२
अदितीचा फोन, थेट मला. आई फार घाबरलीय, घरी अजून काही ठरत नाही म्हणाली. "मी एकटी येते रविवारी, तुमच्याकडे जेवायला." माफी मागायला लागले तर थांबवलं. "काकू, हात चुकतो कुणाचाही. मी विचारलं आणि खात्री नसली, तर फक्त ‘बघते’ म्हणा. एवढंच."
एवढंच म्हणे. लग्न होऊन आल्यापासून ह्या स्वयंपाकघरात मी कधी "बघते" म्हटलंय?

शनि. १४
तिच्यासाठी तिळाची चटणी घ्यायला गेले. दुकानदार ओळखीचा. विचारलं, शेंगाची चटणी ह्याच मशीनवर करता का? मानसुद्धा वर केली नाही. "न्हाई ओ वैनी, बिनधास्त न्या की."
अगदी माझाच ठसका. पुडी परत ठेवली.
घरीच कुटीन म्हटलं, तीळ भाजले, खलबत्ता काढला आणि तिथंच थांबले. ह्यात आजवर शेंगाच कुटल्यात. घासला, गरम पाण्यानं धुतला, उन्हात ठेवला, परत घासला. वास येतोय की मला भास होतोय, कळेना. ह्यांना हुंगायला दिला.
"मला तर न्हाई येत. पन मला सर्दी हाय."
तीळ ताटात तसेच पडलेत. उद्या ती विचारणार.