वास बघ गं

आई,

काल तुझी फार आठवण आली, आणि तीही कुठे, तर अॅमस्टरडॅममधल्या एका महागड्या इटालियन-अमेरिकन हॉटेलात. म्हणजे इटलीतली माणसं अमेरिकेत गेली, तिथे त्यांनी घरचेच पदार्थ दुप्पट चीज घालून मोठाल्या ताटांत वाढले, आणि आता ती ताटं समुद्र ओलांडून इकडे आलीत. पांढरे कडक टेबलक्लॉथ, मंद दिवे. नवऱ्याला बढती मिळाली म्हणून आम्ही तिघं आमच्या वाखनिंगन गावाहून खास बस-ट्रेन करून गेलो होतो. तू असतीस तर वेटरला छप्पन्न प्रश्न विचारले असतेस आणि मी लाजून मेनूकार्डात तोंड खुपसलं असतं.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गेल्या महिन्यात मला फ्लू झाला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. कसलाच वास येत नाही. जिभेला खारट, आंबट, गोड कळतं, बस. आणि माझी नोकरी कसली, तर वास घेण्याची! इथल्या एका प्रयोगशाळेत नवीन सुपं, चीज असलं काही चाखून त्याचं वर्णन करायचं. नवऱ्याच्या व्हिसावर येऊन कित्येक वर्षं घरी बसल्यावर मिळालेली नोकरी आहे ही. सर्दी रेंगाळलीय असं सगळ्यांना सांगून मी रजेवर बसलेय. सोमवारी कामावर जायचंय.

तर वांग्याचे काप, टोमॅटो आणि चीजचे थर असलेलं काहीतरी भट्टीतून बुडबुडत आलं. मला नुसतं गरम आणि मऊ लागलं. सोबतचा लसूण-पाव कडेने काळपट दिसत होता. मी काही विचार न करता एक तुकडा लेकीपुढे धरला. "वास बघ गं, लसूण करपलाय का?" आणि माझा हात तसाच राहिला. हे वाक्य माझं नव्हतं, तुझं होतं.

तू ओट्याशी उभी आहेस, मी अभ्यास टाकून आलेय. वास बघ गं, दूध नासलंय का? वास बघ गं, तूप झालं का? मला वाटायचं, तू मला स्वयंपाकात तयार करतेयस. आल्यागेल्याला सांगायचीस, हिचं नाक भारी तिखट आहे. त्याच भरवशावर तर मी या नोकरीच्या चाचणीला बसले. नैवेद्याच्या स्वयंपाकाचा मात्र देवाआधी वास घ्यायचा नाही, म्हणून तेव्हा मला हाक नसायची, आणि नेमकी गणपतीत खीर खालून लागली. बाहेरच्या खोलीपर्यंत करपट वास, आणि तू त्या पातेल्याशेजारी शांतपणे वेलची कुटतेयस. आत्या म्हणाली, "वहिनी, नाक कुठे गहाण टाकलंय?" तू हसून म्हणालीस, "लक्ष नव्हतं हो." तुझं लक्ष नाही असं कधी झालंय?

आई, तुला वास येत नव्हता का? कधीपासून? जन्मापासून, की माझ्यासारखा एखाद्या तापात गेला? मग रोज मोगरा कशासाठी माळायचीस? ताटात पापड नसला की तुझं जेवण व्हायचं नाही, ते निदान काहीतरी कुरकुरावं म्हणून होतं का? बाबांना माहीत होतं? आता बाबाही नाहीत, आत्याही नाही. विचारू कुणाला?

लेकीने पाव नाकाशी धरला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "इट्स नॉट बर्न्ट." मग माझ्याकडे बघतच राहिली. "आई, कान्ट यू स्मेल इट?" मी तुला जन्मात कधी विचारलं नाही, ते तिने एका पावाच्या तुकड्यावर विचारून टाकलं. लक्ष नव्हतं गं, हे अगदी तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, "नाही येत. अजिबात नाही." नवऱ्याचा काटा हवेतच थांबला. पुढे प्रत्येक ताट आलं की लेक आधी हुंगायची आणि मला सांगायची. "बेसिल, आई. लॉट्स ऑफ बेसिल."

सोमवारी कामावरही सांगेन. पुढे काय होईल ते होईल. हे पत्र हिंगाच्या डबीखाली ठेवतेय. ती डबी मी रोज सकाळी उघडून हुंगून बघते. आज काही आलं नाही.

एक सांगू? तुझा थोडा राग आलाय. मला नुसतं सांगितलं असतंस, तर मोगऱ्याचा वास कसा आहे ते मी तुला रोज सांगितलं असतं.