पाचची की सातची

प्रिय बाबा,

तुमचा मेसेज रविवारी संध्याकाळी मिळाला. "किया कंपनीची गाडी घ्यायचं मनात आहे. तू दहा वर्षं वापरतो आहेस. कंपनीचा पूर्वेतिहास आणि वापरणाऱ्यांचं मत लेखी कळव. पाच जणांची घ्यावी की सात जणांची, तेही लिही. फोनवर नको." आणि खाली 'पद्माकर', जसं काही मी दुसऱ्याच कुणाचा मुलगा आहे. तुमच्या सूनबाईला, वल्लरीला, वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हे टेंडर आहे, उत्तरही सीलबंद पाठव.

कारखान्यात सदतीस वर्षं काढलेला तपासणी विभागाचा माणूस तोंडी माहिती मानत नाही, हे मला नवं नाही. चौथीत माझा पहिला नंबर आला तेव्हासुद्धा प्रगतिपुस्तक हातात पडेपर्यंत तुम्ही पेढे आणू दिले नव्हते. तेव्हा लेखी देतो. सात जणांची कशाला, हे मात्र मला कळलं नाही. घरात तुम्ही आणि आई, दोन माणसं. शनिवारच्या भाजीला सात जागा लागत नाहीत. पण त्यावर शेवटी येतो.

आधी पूर्वेतिहास. कंपनी १९४४ साली सोलमध्ये सुरू झाली ती सायकलचे भाग आणि पोलादी नळ्या बनवायला. १९५२मध्ये त्यांनी अख्खी सायकल बनवली, कोरियातली पहिली देशी. मग मोटरसायकली, मग तीनचाकी ट्रक, सगळं जपान्यांकडून शिकून. मोटार बनवायला १९७४ उजाडलं. ती जरा कुठे चालायला लागली तर १९८१मध्ये तिथल्या सरकारने फर्मान काढलं, की तुम्ही मोटारी बनवायच्या नाहीत, फक्त छोटे ट्रक आणि व्हॅन बनवायच्या. चालती लाइन बंद. त्यांनी बोंगो नावाची व्हॅन काढली, ती खपली आणि कंपनी तरली. पाच-सहा वर्षांनी परवानगी मिळाल्यावर प्राइड नावाची लहानशी स्वस्त गाडी घेऊन ते परत आले. १९९७मध्ये दिवाळं निघालं, आणि पुढच्या वर्षी ह्युंदाईने, म्हणजे जन्मभराच्या प्रतिस्पर्ध्याने, त्यांना विकत घेतलं. आज दोन्ही सुखाने नांदतायत. तुमच्याकडे भारतात, आंध्रात, त्यांचा कारखाना आहे, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार.

आता वापरणाऱ्यांचं मत. पहिलं मत तुमचंच नोंदवतो, कारण ते मी नऊ वर्षं विसरलेलो नाही. तुम्ही आणि आई इथे सिंगापुरात आलात तेव्हा आमची ही किया सेराटो जेमतेम वर्षाची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही टॉर्च आणि वल्लरीचा हातातला आरसा घेऊन गायब झालात. आमच्या तोआ पायोहच्या इमारतीशेजारी गाड्यांसाठी बहुमजली पार्किंग आहे, तिथे चौथ्या मजल्यावर तुम्ही गाडीखाली आरसा धरून उकिडवे बसला होतात. शेजारच्या टॅन अंकलना वाटलं, चोर आहे. दीड तास शोधून तुम्हाला एक दोष सापडला नाही, आणि त्यामुळेच तुमचा मूड गेला. वर येऊन हात धुतलेत आणि म्हणालात, "कोरियन डबा आहे. चालेल तोवर चालेल." पुढचे तीन आठवडे तुम्ही मागच्या सीटवर बसलात. आई पुढे, तुम्ही मागे, परीक्षकासारखे. माझ्या पैशाने घेतलेली पहिली गाडी होती ती. मला राग आला होता, बाबा. अजून थोडा आहे.

टॅन अंकल म्हणजे निवृत्त टॅक्सीवाले, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेले. त्यांचं मत दोन शब्दांत आहे, "कॅन, लाह." म्हणजे चालतंय की. सिंगापुरात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. माझा मित्र अभय अशीच गाडी घेऊन रोज तुआसला जातो, बेटाच्या पार पश्चिम टोकाला, त्याच्या गोदीत. तो म्हणतो, या गाडीबद्दल कधी विचारच करावा लागला नाही, हेच तिचं मत. वल्लरीचं म्हणणं, एसी लगेच थंड होतो आणि डिकीत गणपतीचं मखर आडवं मावतं. स्वानंदी आता पंधरा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणींच्या घरी जर्मन गाड्या आहेत, त्यामुळे ती शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरते. नऊ वर्षांच्या कस्तुरीला मात्र फाटकासमोरच सोडावं लागतं, शिवाय हॉर्न वाजवावा लागतो. एकूण काय, या गाडीची कुणी बढाई मारत नाही आणि कुणी नावंही ठेवत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर तिने मला कधी रस्त्यात उभं केलं नाही. प्लास्टिक प्लास्टिकसारखंच दिसतं. चार माणसं सुखाने बसतात.

एक गोष्ट मात्र इथली वेगळी आहे. 'चालेल तोवर चालेल' हे सिंगापुरात लागू नाही. इथे गाडी घेताना सरकारकडून तिच्यासाठी दहा वर्षांचा परवाना घ्यावा लागतो, त्याला सीओई म्हणतात. दहा वर्षं झाली की एक तर तो पुन्हा विकत घ्या, नाही तर गाडी जमा करा. गाडी कशी आहे हे कुणी विचारत नाही. आमचा या तीस तारखेला संपतो. नूतनीकरणाचा फॉर्म मी तीन वेळा उघडला आणि तीनही वेळा बंद केला, कारण तो भरण्याआधी आपण इथे राहणार आहोत का, हे माणसाला माहीत असावं लागतं. आणि ते मला माहीत नाही.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझी नोकरी गेली. वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसातला अख्खा विभाग बंद केला, एकतीस माणसं. मॅनेजर बाई सभ्यपणे बोलल्या, पाणी विचारलं, दोन महिन्यांची नोटीस दिली आणि उद्यापासून यायची गरज नाही म्हणाल्या. त्याला सहा आठवडे झाले. इथला आमचा मुक्काम माझ्या नोकरीच्या पासवर आहे. नोटीस संपली की पास संपतो आणि मग देश सोडायला तीस दिवस. मी बावीस ठिकाणी अर्ज केले. सात जणांनी उत्तर दिलं, दोघांनी बोलावलं, आणि त्यातल्या एकाने माझ्या मुलाखतीत जांभई दिली. वल्लरीला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. मुलींना आम्ही अर्धंमुर्धं सांगितलं आहे. तुम्हाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, तेही लिहितो, कारण तोंडाने मला जमणार नाही. तुमच्या खिशात भोकाचं माप तपासायचं ते गेज असायचं, एका टोकाला 'गो', दुसऱ्या टोकाला 'नो-गो'. भोकात 'गो' गेलं आणि 'नो-गो' अडलं तर माल पास, नाही तर लाल रंगाच्या पेटीत. मधलं काही नाही. तुम्ही घरीही तसेच होतात. माझे मार्क, माझे मित्र, वल्लरीच्या माहेरचे लोक, गाडी, सगळं एक तर गो नाही तर नो-गो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लाल पेटीत जाऊन पडायची मला लाज वाटली. दर रविवारी फोनवर तुम्ही विचारायचात, काम कसं चाललंय, आणि मी म्हणायचो, चाललंय. त्या एका शब्दासाठी मी शनिवारपासून तयारी करायचो.

पण कंपनीचा इतिहास तुमच्यासाठी शोधून काढताना मी त्या १९८१ सालापाशी अडकलो. मला आपलं १९९८ आठवलं. तुमची लाइन बंद झाली आणि तुम्हाला तपासणीतून काढून सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये बसवलं. तुम्ही घरी चकार शब्द काढला नाहीत. रोज तोच डबा, तीच बस, खिशाला तेच गेज. मला कळलं ते दोन वर्षांनी, तुमच्या कारखान्यातल्या निशिकांतकाकांकडून, तेही त्यांच्या तोंडून निसटलं म्हणून. पुढची अकरा वर्षं तुम्ही तिथे पावत्या फाडल्यात, आणि गेजला काम नसताना रोज ते तेलाच्या फडक्याने पुसलंत. तेव्हा मला वाटायचं, बाबांना काही वाटत नसेल. बावीस अर्ज केल्यावर आता कळतं, काय वाटत असेल. भांडं तुम्हीही लपवलंत, बाबा. मी तुमच्याकडूनच शिकलो.

आता पाच की सात. सोमवारी मी तुम्हाला सरळ लिहून टाकलं होतं की पाचची घ्या, तीसुद्धा मोठी होईल, आईच्या गुडघ्यांना चढ-उतार सोपी पडेल एवढं बघा. पत्र पाकिटात घातलं. मग मंगळवारी सकाळी कस्तुरीला शाळेत सोडताना ती मागून म्हणाली, आजोबांना पण माहितीये हां, तू आता रोज सोडतोस ते, मी संडेला फोनवर सांगितलं. मी विचारलं, मग आजोबा काय म्हणाले? म्हणे त्यांनी फक्त विचारलं, रोज? आणि तिने त्यांना सांगितलं, एव्हरी डे, लाह. ऑफिसला जाणारा माणूस रोज सकाळी सव्वासातला शाळेच्या फाटकाशी नसतो, हे ओळखायला तुम्हाला टॉर्च आणि आरसा लागला नसणार. तुमचा मेसेज तिच्या फोननंतर दोन तासांनी आला होता. मी गाडी कडेला घेतली आणि बोटांवर मोजलं. तुम्ही, आई, मी, वल्लरी, स्वानंदी, कस्तुरी. सहा. पाचच्या गाडीत सहा माणसं बसत नाहीत. पंचाहत्तराव्या वर्षी, ज्या गाडीला डबा म्हणालात तिचीच मोठी बहीण घ्यायला निघालात, आणि विचारलंत काय, तर पूर्वेतिहास. मी तिथेच बसून रडलो, बाबा, हॉर्नवर कपाळ टेकलं तर तो वाजला. जुनं पत्र फाडून हे लिहितो आहे. सीओईचा फॉर्म मी आता भरणार नाही. तीस तारखेला गाडी जमा करतो, पुढच्या महिन्यात आम्ही चौघं येतो. शेरा काय मारायचा तो समोर आल्यावर मारा, मी ऐकून घेईन. पण या वेळी तुम्ही पुढे बसायचं. सातची घ्या.

तुमचाच,
उन्मेष