विमान उभं राहिलं तर

१४ नोव्हेंबर, बुधवार

आलं! सव्वा वर्षानं आलं!

टँकरच्या रांगेत उभी होते, मोबाईल वाजला. वाटलं, परत ते "आपला अर्ज जपून ठेवला आहे" वालं पत्र. पण नाही. निवड. को-पायलट. लहान शहरांना जोडणारी कंपनी, पंख्याची विमानं. करारावर सही करून ३० तारखेच्या आत पाठवायचा, डिसेंबरात ट्रेनिंगला हजर.

हंडे तिथंच टाकून घरी पळाले. आई म्हणाली, "आगं पाणी कुठाय?" नंबर गेला. टँकर आता चार दिवसांनी. आईनं आधी शिव्या दिल्या, मग साखर.

अण्णा ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम, फडाच्या हिशेबात बुडालेले. ऐकून नुसते "हां" म्हणाले. मग उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

१५ नोव्हेंबर, गुरु.

पाटोद्याला जाऊन प्रिंट काढली. बावीस पानं. सेंटरवाला म्हणतो, "ताई, जमिनीचा खटला हाय का?"

परत येताना एस.टी.त वाचला. उतरेपर्यंत निम्मा आनंद जिरला होता. ट्रेनिंगमधे पगार नाही, नुसता भत्ता. नंतर थोडा ठरलेला पगार, बाकी तासावर. पाच वर्षांचा बाँड. मधे सोडलं तर ट्रेनिंगचा सगळा खर्च भरा. मूळ सर्टिफिकेटं कंपनीकडं जमा.

दुसरीकडं कुठं बोलावणं नाही. ढगातून उपकरणांवर उडवायचं रेटिंग जानेवारीत संपतंय. ते गेलं की परत फ्लाइंग स्कूल, परत खर्च. थोडक्यात हीच गाडी. हिच्यात बसायचं का, कसं बसायचं, एवढंच माझ्या हातात आहे.

१६ नोव्हेंबर

हर्षदाला फोन केला. बॅचमेट, दीड वर्षापासून अशाच एका कंपनीत. मी म्हटलं, लहान विमानं, दिवसाला चार-पाच फेऱ्या, तास पटापट भरत असतील ना? १५०० भरले की कॅप्टनचा रस्ता मोकळा, पगार कुठच्या कुठं. ती हसायलाच लागली. "अगं आमची तीन विमानं. दोन पार्टसाठी उभी. महिन्यात वीस तास झाले तर मी पेढे वाटते."

म्हणजे तास नाहीत, म्हणून पगार नाही, म्हणून कॅप्टन व्हायचं पण लांबलं. आणि सोडता येत नाही, बाँड आहे.

मग सोडणार का, विचारलं. म्हणाली, "वैशू, वीस तास तर वीस तास. उडतेय ना मी."

हे मला कळतं. कुणी नाही कळलं तरी मला कळतं.

१७ नोव्हेंबर, शनि.

आजची संध्याकाळ नीट लिहून ठेवते.

ओट्यावर अण्णांना करार वाचून दाखवला, इंग्रजीचं मराठी करत. टोळीतलं जोडपं, भगवानमामा आणि सिंधूमावशी, पण बसलेले. ऊसतोडीला न्यायची गाडी कधी लागणार ते विचारायला आले होते.

अण्णांना वाटलेलं पायलटला खेपेवर पैसे. सांगितलं, तासावर. विमानाचं चाक हललं की तास सुरू, थांबलं की बंद. एअरपोर्टवर सहा तास नुसतं बसलं तर काही नाही. अण्णा म्हणाले, "मग आपल्यासारखंच की. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर दोन दिस उभी राह्यली तर तोडणाऱ्याला कोण देतंय?" मग विचारलं, कॅप्टन आणि को-पायलट मिळून एक कोयता का? आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता. म्हटलं हो, तसंच. "म्हंजी तू अर्धा कोयता." सिंधूमावशी पदर तोंडाला लावून हसली.

मग चौदावं कलम आलं. कंपनीनं उड्डाणं थांबवली तर बिनपगारी रजा.

"बरं. आन ते दिस पाच वर्सांत धरणार का?"

नाही. बाँड तेवढा पुढं सरकतो.

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बघ बे भगवान! ही तर उचल झाली! आगाव पैसा द्यायाचा, साल बुडालं की पुढच्या सालाला बांधून घ्यायाचं. आपली चाल पायलटाला लावली यांनी!" मला म्हणाले, "माझ्याकून शिक. मी वीस वर्सं हेच कलम लोकांला लावतोय. ते कुठं चावतंय मला ठावं हाय. लिव, काम देणाऱ्यानं काम न्हाई दिलं तर बांधणूक सुटली. हे कागदावर आलं पायजे. तोंडी कायबी चालत न्हाई."

इतके खूश मी त्यांना कितीतरी दिवसांनी पाहिले. पेन मागून घेतलं, समासात खुणा केल्या. दुसरी खूण मूळ सर्टिफिकेटांवर. "हे आजाबात देयाचं न्हाई."

सिंधूमावशी हसायची थांबली होती. जाताना एवढंच म्हणाली, "गाडी कवा, अण्णा?" "पाच-सा दिवसांत."

१९ नोव्हेंबर

कंपनीला मेल टाकला. दोन मागण्या. एक, मूळ कागद देणार नाही. दोन, कलम १४ बदला.

दुपारी गच्चीवर खुर्ची टाकून सराव. डोळे मिटून पूर्ण चेकलिस्ट मोठ्यानं. हात हवेत, पाय रडरवर. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, पोरीला कुणी दाखवलं का. आई म्हणाली, "इमान चालवतीया ती, तुमी वाळवण सांभाळा." शाबास आई.

२२ नोव्हेंबर, गुरु.

अण्णा मांजरसुंब्याहून उतरल्या तोंडानं आले. तिथं सगळे मुकादम जमले होते. आमची टोळी जाते त्या सहकारी साखर कारखान्यानं यंदा बॉयलर पेटवायचा नाही असं ठरवलं. पाणी नाही, ऊस चारा म्हणून जनावरांच्या छावण्यांना गेला. गाळायला उरलाच नाही.

गाडी येणार नाही. टोळीनं उचल घेऊन दोन महिने झालेत.

मांजरसुंब्याचा रस्त्याकडेचा प्लॉट विकून माझं अर्धं फ्लाइंग झालं. तिथं आता ढाबा आहे, अण्णा त्याच्याकडं पाठ करून चहा पितात. उरलेलं अर्धं फ्लाइंग मुकादमकीच्या कमिशनवर. हे मी कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

२४ नोव्हेंबर, शनि.

सिंधूमावशी आली. एकटीच. भगवानमामा बाहेर मोटरसायकलपाशी, आत यायला तयार नाहीत.

"अण्णा, कारखाना पेटत न्हाई. मंग आमची बांधणूक सुटली ना?"

"कोण म्हणलं?"

"तुमीच म्हणलाव की. ताईला सांगत व्हताव."

अण्णांचे कान लाल. "ते इमानाचं हाय."

"काम ते काम, अण्णा. आमी तयार व्हताव. कोयत्याला धार लावून बसलो. आमाला पुण्याला बांधकामावर जायाचंय, कायमचं. सोडा आमाला."

"उचल आणून ठेव आन जा. न्हाईतर पुढच्या साली यायाचं. ठरलंय ते."

"ती कवाच सरली. दवाखान्यात गेली."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मोबाईलमधे तोंड घातलं. मेल आला का बघत होते म्हणे! काही आलं नव्हतं. लाज वाटते. लिहिताना पण वाटते.

२५ नोव्हेंबर

भांडले. जेवायला बसल्यावरच.

"माझं कलम वेगळं आणि सिंधूमावशीचं वेगळं कसं काय?"

"तुला काय कळतंय त्यातलं? कारखान्यानं मला सोडलंय का? त्यांची उचल मी आणली, माझ्या सहीवर आणली. मी कुठून भरू?"

"मग तुम्ही कारखान्याला विचारा. मी कंपनीला विचारलं तसं."

"त्या संचालक लोकांला? आन पुढच्या साली टोळी कोण देईल मला?"

"मला पण हर्षदा हेच सांगते. विचारू नकोस, नोकरी जाईल."

अण्णा ताटावरून उठले. आई म्हणाली, "आज कावून काढलंस हे?" दुसरं कधी काढणार? खरं म्हणजे मला त्यांचा राग नाही आलेला. ते बरोबर बोलले होते त्या दिवशी, ओट्यावर. तेच मला सोडवत नाही.

२७ नोव्हेंबर, मंगळ.

कंपनीतून बाईंचा फोन. हिंदीत. सर्टिफिकेटांच्या छायाप्रती चालतील. पहिली मागणी मान्य! कलम १४ मात्र सगळ्यांना सारखं. "आजवर कुणी विचारलं नाही, तुम्हीच पहिल्या."

मी म्हटलं, विचारलं नाही म्हणजे सगळ्यांना पटलं असं कुठं होतं?

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "लिहून पाठवा, वर दाखवते. पण तारीख तीच. तुमच्यामागं यादी मोठी आहे."

हर्षदा फोनवर ओरडली. "वेडी आहेस का? सही कर आणि बस विमानात!"

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. आज मात्र फोन चालू असताना दारात उभे होते. हिंदी कळते त्यांना.

२९ नोव्हेंबर, गुरु.

पाठवला.

कलम १४ मधली शेवटची ओळ पेनानं खोडली. वर स्वच्छ अक्षरात माझी ओळ. कंपनीने सलग तीन महिने काम दिले नाही तर बाँड संपला. बाजूला सही. बावीसच्या बावीस पानांवर सह्या. पाटोद्याला स्कॅन. बटण दाबलं तसा सेंटरवाला म्हणाला, "ताई, जिंकताव तुमी खटला."

नोकरी गेली तर गेली, असं म्हणायचा माझा पिंड नाही. मला उडायचंय. लई उडायचंय. पण अर्ध्या कोयत्यासारखं बांधून घेऊन नाही.

घरी आले तर अण्णा ओट्यावर. तीन-चार दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"ती तुझी वळ मराठीत लिवून दे."

कशाला, विचारलं नाही. वहीचं पान फाडून लिहिलं. "काम देणाऱ्याने हंगामात काम दिले नाही तर घेतलेली सगळी उचल माफ, आणि बांधणूक सुटली." अण्णांनी दोनदा वाचलं. घडी करून सदऱ्याच्या खिशात. सही नाही केली.

१ डिसेंबर, शनि.

काल तारीख गेली. कंपनीचं उत्तर नाही. आज दुपारी त्याच बाईंचा फोन, "फाइल अजून वरच आहे, सोमवारी सांगते." नाही पण म्हणाल्या नाहीत. हो पण नाही.

आईनं धुवायच्या आधी सदऱ्याचे खिसे तपासले. कागद निघाला, माझ्याकडं दिला. सोबत अण्णांच्या हातचा एक अर्ज, कारखान्याच्या नावानं. "यंदा बॉयलर पेटला नाही, तरी आमच्या टोळीची उचल..." एवढंच. पुढं लिहिलेलं नाही.

माझ्या कागदावर मात्र सही. अण्णांची, पूर्ण नावाची, तीच वळणदार. पण "सगळी" खोडलंय. त्याच्यावर बारीक अक्षरात "अर्धी".

आधी हसूच आलं. हाडाचे मुकादम! मग रडू. वीस वर्षांत त्यांनी एवढं पण कुणाला सोडलेलं नाही, हे मला माहीत आहे. आणि परवा कंपनीनं तीन महिन्यांचे सहा केले असते तर मी काय केलं असतं, हे पण मला माहीत आहे. मी सही केली असती.

तरी कागद घेऊन ओट्यावर गेले. म्हटलं, "अण्णा, माझ्या वेळी तुम्ही म्हणालात, बांधणूक सुटली. अर्धी सुटली असं नाही."

"आगं, अर्धी बी कमी हाय का?"

"सिंधूमावशीला विचारा."

मी दोन्ही कागद त्यांच्या समोर ठेवले, अर्ज वर. पेन पण ठेवलं. आई चहा घेऊन आली. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश पितायत. पेन अजून तिथंच आहे.