शोभनाने शनिवारी विचारल्यास

मी, हेमचंद्र दत्ताजीराव साळोखे, मूळ राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हल्ली मुक्काम नेपरव्हिल, इलिनॉय, वय पंच्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय फुटबॉल, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकानं किंवा भिडेनं नव्हे, तर राजीखुशीनं, स्वतःच्या हातानं लिहीत आहे. इंग्रजी मसुदा वकीलबाई यावरूनच करतील.

डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला. आमच्या काळी पावसात भिजलेला चामडी चेंडू विटेसारखा जड व्हायचा आणि तो आम्ही कपाळानं परतवायचो. माझ्या बरोबरीच्या काही गड्यांची आठवण त्यापायी गेली. माझी राहिली. गेली ती माझ्या पत्नीची, शोभनाची, जिनं उभ्या जन्मात चेंडूला डोकं लावलं नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे.

१. राहतं घर शोभनाच्या हयातीत विकू नये, भाड्यानं देऊ नये. मुलगा शंतनू दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याला स्वयंपाकघराची मधली भिंत पाडून सगळं मोकळं करायचं आहे. ती भिंत पाडू नये. शोभना तिला हात लावत लावत चालते. मुलगी राधिका जर्सी सिटीहून फोनवर म्हणते, "बाबा, आमच्या बिल्डिंगजवळ विसरणाऱ्यांसाठी मेमरी केअर होम आहे, एकदम छान. मी रोज ऑफिसनंतर जाईन." पोरगी प्रेमानं म्हणते, मला ठाऊक आहे. पण मागे महिनाभर आईला तिकडे नेलं, तेव्हा ती लिफ्टपाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "मैदान कितव्या मजल्यावर आहे हो?" म्हणून तिला इथून हलवू नये. तिच्या पश्चात घर दोघांना समान.

२. बचत आधी शोभनाच्या देखभालीला, उरेल ती दोघांना. आकडा बँकेला माहीत आहे. इथे लिहून विरस करत नाही.

३. बूट, आणि इंग्लंडमधल्या माझ्या क्लबाचा, कॉल्डरवेल टाउनचा, आठ नंबरचा शर्ट, नात उर्वी हिला. ती शाळेच्या संघात माझ्याच जागी, मधल्या फळीत खेळते. "आजोबा, यूट्यूबवर तुमचा एकपण व्हिडिओ नाही, यार," असं ती म्हणाली होती. आमच्या सामन्यांना कॅमेरा येत नसे, बाळ. पाऊस येई.

तिच्या माहितीसाठी लिहून ठेवतो. पेठेतल्या तालमीच्या संघाकडून खेळत होतो. इंग्लंडला काकांकडे गेलो, कापडगिरणीत लागलो, गिरणीच्या संघात शिरलो. एकदा कॉल्डरवेलचा माणूस समोरचा गोलकीपर बघायला आला आणि मला घेऊन गेला. चौथा डिव्हिजन, म्हणजे त्याखाली नुसता चिखल. आम्ही तळाला असायचो, आणि तळातल्या क्लबांना लीगमध्ये ठेवायचं की नाही, यावर उन्हाळ्यात बाकीचे क्लब मत द्यायचे. दर वेळी राहिलो. बहुधा आमच्याविरुद्ध खेळायला सगळ्यांना आवडत असावं.

शाळेत गुरुजींनी कवितेच्या ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करायला शिकवलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी अख्खी कारकीर्द काढली. जवळचा पास लघु, लांबचा गुरू. आणि चेंडू तळपायाखाली धरून क्षणभर थांबायचं, तो यती. धुक्यात पलीकडचा गोल दिसायचा नाही, पण चाल मनात वाजत असली की आपला गडी कुठे असणार ते कळायचं. अजूनही डोळा लागता लागता ते ओलं गवत पायाला लागतं. पुढे गुडघा गेला. शिकागोच्या एका क्लबानं तरीही बोलावलं आणि हंगाम संपताच स्वतःचं शटर ओढलं. आम्ही इथेच राहिलो. शाळेतल्या मुलांना शिकवत निवृत्त झालो.

४. कॉल्डरवेलच्या साप्ताहिकातला वार्ताहर माझ्याबद्दल नेहमी "नीटनेटका, पण संथ" एवढंच लिहायचा. त्याला काहीही ठेवत नाही. मोठ्या क्लबाविरुद्धच्या एकुलत्या एका कप सामन्यात ज्या मॅनेजरनं मला बाकावर बसवलं, त्याला माफ केलं आहे. मनापासून नाही.

५. आता महत्त्वाचं कलम. वाचणाऱ्यानं इथे घाई करू नये.

कॉल्डरवेलला शोभना सामन्याला येत नसे. थंडी सोसवायची नाही, आणि प्रेक्षक मला काय काय म्हणायचे तेही. ती घरी वाट बघायची. मी दारात आलो की विचारायची, "काय झालं?" हल्ली शनिवार आला की ती पुन्हा तिथे असते. मी समोर बसलेला असतो, पण माझे केस पांढरे, म्हणून मी तिला माझे वडील वाटतो. पदर सारखा करून म्हणते, "मामंजी, हे अजून आले नाहीत."

मी म्हणतो, "येईल, सूनबाई. बस अडकली असेल."

मग उठतो, मागच्या दारानं बाहेर पडतो, बर्फ असलं तरी घराला वळसा घालतो आणि पुढच्या दारानं आत येतो. ती बघते. तिला मी दिसतो. "काय झालं हो?" म्हणते. आमची संध्याकाळ नीट जाते.

शंतनूला हे पटत नाही. "बाबा, इट्स लाइंग. डॉक्टर म्हणतात, शांतपणे करेक्ट करा."

"कर," मी म्हटलं. "ती विचारेल, तेव्हा सांग, आई, तू चुकतेस. मग तिच्या तोंडाकडे बघ."

त्यानं तसं एकदा करून पाहिलं. पुन्हा केलं नाही.

मी गेल्यावर पुढच्या दारातून कुणी येणार नाही. म्हणून लिहितो. मी गेल्याचं शोभनाला खरं सांगावं. तो तिचा हक्क आहे. तिला माझ्याजवळ बसवावं, रडू द्यावं, आवरतं घ्यायला लावू नये. पण हे एकदाच. पुढे ती विसरेल आणि शनिवारी विचारेल. तेव्हा तिला पुन्हा सांगू नये. बाईला एका नवऱ्यासाठी एकदाच विधवा व्हावं लागावं. दर आठवड्याला नाही.

तिला सांगावं की सामना बाहेरगावी आहे, बस उशिरा यायची आहे, तू जेवून घे. तिनं माझं ताट झाकून ठेवलं तर ठेवू द्यावं. निकाल विचारला तर फोनवर कळला म्हणावं. जिंकलो असं सांगू नये, तिचा विश्वास बसणार नाही. बरोबरीत सुटला म्हणावं.

या मृत्युपत्राची व्यवस्था शंतनूनं पाहावी. पाचवं कलम त्याला कबूल नसेल, तर ते काम राधिकेकडे जावं. शंतनूनं ते वाचलं आहे आणि मान डोलावली आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत.

हेमचंद्र द. साळोखे (सही)

साक्षीदार:
रीमा टिपणीस, शेजारी (सही)
अमन खांडेकर, शेजारी (सही)

नेपरव्हिल, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५